वीणा गळ्यात घेण्याआधी



सज्जनहो, वाल्ह्याच्या मुक्कामावर एका वर्षी एक तरुण मुलगा माझ्याकडे आला. त्याच वर्षी गावाने त्याच्याकडे दिंडी सोपवली होती. वडील थकले, म्हणून मुलाच्या गळ्यात वीणा आली. मुलगा चांगला, शिकलेला, हिशोबाला चोख. पण चेहरा पार उतरलेला. म्हणाला, "महाराज, माणसं ऐकत नाहीत. सांगितलेल्या वेळेला उठत नाहीत, पंगतीत भांडतात, भिशी भरली म्हणून मालकासारखं बोलतात. माणसं चालवायची कशी?"

मी त्याला म्हटलं, "बाळा, माणसं चालवायची नसतात. माणसं पांडुरंगाच्या ओढीनं आपली आपण चालतात. आपण फक्त त्यांच्या पायात यायचं नाही."

तो हसला. पण नुसत्या हसण्याने त्याचं काम होणार नव्हतं. त्या रात्री जे बोलणं झालं, तेच पुढे अनेक कीर्तनांतून मांडलं. तुम्ही दिंडी चालवत असाल, गावचा सप्ताह पाहत असाल, भजनी मंडळ सांभाळत असाल, नाहीतर नुसतं चार माणसांचं घर चालवत असाल, हा विषय तुमचा आहे.

टाळ वाजवत राहणारी दिंडी

पहिल्यांदा समाजआरती बघा. माउलींच्या सोहळ्यात जे चालतात त्यांना ठाऊक आहे, पण नव्या वाचकासाठी सांगतो. दिवसभराची वाट संपवून पालखी तळावर येते. सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा असा गजर चालू असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला चोप उंच करतात, आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. लाखाचा समाज, पण टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता होते. पोलीस नाही, शिट्टी नाही. एका माणसाचा हात वर गेला आणि समाज थांबला.

आपण तेवढंच बघतो आणि म्हणतो, "काय ही शिस्त!" पण खरी गंमत पुढे आहे, बरं का. सगळे थांबले तरी एखादी दिंडी थांबत नाही. ती टाळ वाजवतच राहते. का? तर तिची काही तक्रार आहे. वाटेत कुणी मध्ये घुसलं असेल, पाणी मिळालं नसेल, उतरायला जागा नीट नसेल. मग चोपदार काय करतात? "गप्प बसा" म्हणून ओरडतात का? नाही. ते स्वतः चालत त्या दिंडीपाशी जातात आणि विचारतात, काय अडचण आहे? तक्रार ऐकतात, सगळ्या समाजाला कळवतात, मार्ग काढतात. मग ती दिंडी शांत होते. त्यानंतर हरवलं-सापडलं पुकारतात, उद्याची निघायची वेळ सांगतात आणि माउलींची आरती होते.

बघा महाराज, आमच्या परंपरेने केवढं मोठं शास्त्र यात घालून ठेवलंय! तक्रार असणाऱ्याला आवाज करायची मुभा आहे, आणि तक्रार ऐकल्याशिवाय आरती नाही. म्हणजे एका दिंडीचं मन दुखलेलं असेल, तर देवाची ओवाळणीसुद्धा थांबते.

हा सोहळा आजच्या रूपाला आणला हैबतबाबा आरफळकरांनी, 19व्या शतकात. शिंदे सरकारांच्या पदरी राहिलेले ते सरदार. लष्कराची शिस्त त्यांना माहीत होती. पण लष्करात हुकूम असतो, आणि इथे येणारा माणूस पगारी नाही. तो आपल्या मनाने आलाय, आपल्या मनाने निघूनही जाऊ शकतो. अशा माणसांना बांधून ठेवायला हुकूम पुरत नाही, विश्वास लागतो. चोप उंच झाला की समाज थांबतो, कारण समाजाला माहीत आहे की हा चोपवाला आपलं ऐकतोसुद्धा.

म्हणून त्या मुलाला मी पहिला प्रश्न विचारला, "तुझ्या दिंडीत टाळ कोण वाजवत राहिलंय? जो भांडतो तो टाळ वाजवतोय असं समज. तू त्याच्यापर्यंत चालत गेलास का?" तो म्हणाला, "नाही, मी त्याला बोलावून घेतलं." मी म्हटलं, "इथेच फरक पडला."

कोण कशासाठी आलंय?

आता माणूस ओळखायचा कसा? गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंत सांगतात की मला भजणारे चार प्रकारचे आहेत. एक आर्त, म्हणजे दुःखात सापडलेला. दुसरा जिज्ञासू, ज्याला जाणून घ्यायचंय. तिसरा अर्थार्थी, ज्याला काही मिळवायचंय. आणि चौथा ज्ञानी, ज्याला काहीच नको, देवच हवा.

तुमची दिंडी डोळ्यासमोर आणा. ती बाई तुळस डोक्यावर घेऊन मुक्याने चालते, कुणाशी बोलत नाही. चौकशी केली तर कळतं, घरी लेकरू अंथरुणाला खिळलंय. ती आर्त. कॉलेजातला मुलगा पहिल्यांदा आलाय, सारखं विचारतो, हे असंच का, ते तसंच का? तो जिज्ञासू. एक जण बोअरला पाणी लागावं म्हणून नवस बोललाय, तो अर्थार्थी. आणि मागच्या रांगेत एक म्हातारा आहे, चाळीस वाऱ्या झाल्या, ना मान मागतो ना जागा. जेवायला दिलं तर जेवतो, नाही दिलं तर नाम घेतो.

आता आपण काय करतो? चौघांनाही एकच काठी लावतो. आर्ताला म्हणतो, "तोंड पाडून काय चालतेस, नाच की!" जिज्ञासूला म्हणतो, "फार प्रश्न विचारू नकोस." अर्थार्थ्याला हिणवतो, "देवाशी सौदा करतोस?" आणि त्या म्हाताऱ्याला तर विसरूनच जातो, कारण तो त्रास देत नाही.

भगवंत काय म्हणतात? हे चौघेही उदार आहेत, चौघेही थोर आहेत. ज्ञानी हा माझा आत्माच, हे खरं. पण बाकीच्या तिघांना देवाने हाकललेलं नाही. ज्याने मागायला का होईना पण देवाकडे तोंड केलं, तो देवाला आवडला. मग देवाला चालतो तो माणूस तुम्हा-आम्हाला का चालत नाही?

स्वभाव ओळखायचा तो त्याला नाव ठेवायला नाही. त्याला काय हवंय ते कळावं म्हणून ओळखायचा. आर्ताला सोबत द्या. जिज्ञासूला उत्तर द्या, येत नसेल तर "विचारून सांगतो" म्हणा. अर्थार्थ्याला काहीतरी काम द्या, पंगतीत वाढायला लावा. वाढता वाढता मागणं कमी होतं, हा माझा अनुभव आहे. आणि त्या म्हाताऱ्यापाशी दिवसातून एकदा जाऊन बसा. ते त्याच्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे.

माझी चूक

आता दुसऱ्याचं पुष्कळ सांगितलं, थोडं स्वतःचं सांगतो. कीर्तनकाराने स्वतःची चूक झाकून ठेवली, तर त्याचं कीर्तन कोरडं होतं.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. दिंडी नुकतीच माझ्याकडे आली होती. तोंडात शास्त्र होतं, अंगात ताठा होता. पुणे ते सासवड हा वाटेतला सगळ्यात लांब टप्पा, त्यात दिवे घाट. त्या दिवशी ऐन घाटात आमचा एक टाळकरी रांगेतून गायब झाला. पन्नाशीचा शेतकरी माणूस, सगळे त्याला मामा म्हणत. रांग मोडली, चाल बिघडली, मागच्या दिंडीवाले दोन शब्द बोलले. मामा आला तो थेट रात्री, पंगत बसल्यावर. मी दीडशे माणसांसमोर म्हणालो, "भजन सोडून हिंडायचंच असेल तर दिंडीत कशाला येता?"

मामा काही बोलला नाही. पानावर बसला होता तो उठला. दिंडीचे टाळ आणून माझ्यापुढे ठेवले, पाया पडला. सकाळी पाहतो तो मामा नाही.

जेजुरीच्या वाटेवर एक म्हातारी माझ्यापाशी आली. म्हणाली, "महाराज, काल घाटात मला चक्कर आली. त्या बापड्यानं माझं गाठोडं घेतलं, हाताला धरून वर आणलं, सावलीत बसवलं. माझी दिंडी सापडेस्तोवर गेला नाही. त्याचं नाव विचारायचं राहिलं. कुठं आहे हो तो?"

काय सांगू तिला?

वारी संपल्यावर मी मामाच्या गावी गेलो. मामा बैलांना वैरण घालत होता. पाणी दिलं, चहा दिला. मी पाया पडलो, तोही पडला. मी म्हटलं, "मामा, चुकलो." मामा म्हणाला, "महाराज, माझी चूक असती तर चार शिव्या खाल्ल्या असत्या. वाईट एवढंच वाटलं की तुम्ही विचारलंच नाही."

सज्जनहो, मामा पुढे वारीला येत राहिला, पण दुसऱ्या दिंडीत. वाखरीला भेटायचा, गळाभेट व्हायची. पण आमच्या रांगेत परत उभा राहिला नाही. माणूस तोडायला मला एक वाक्य पुरलं, जोडायला सगळी वर्षं पुरली नाहीत.

नंतर गीतेचा दुसरा अध्याय वाचताना मला माझीच कुंडली सापडली. तिथे भगवंतांनी घसरणीची एकेक पायरी सांगितली आहे. विषयाचं चिंतन केलं की आसक्ती येते. आसक्तीतून इच्छा, इच्छेला अडथळा आला की राग, रागातून मोह, मोहाने आठवण जाते, आठवण गेली की बुद्धी जाते, आणि बुद्धी गेली की माणूस गेला. मी हा श्लोक शंभरदा सांगितला होता. पण त्या दिवशी माझा विषय कोणता होता? बाई नाही, पैसा नाही. "माझी दिंडी नीट दिसली पाहिजे" हाच माझा विषय. मागचे लोक बोलले, तिथे इच्छेला ठेच लागली. राग आला. रागात मला आठवलं नाही की हा माणूस बारा वर्षांत एकदाही रांग सोडून गेला नव्हता. स्मृती गेली म्हणजे काय, तर समोरच्याचं चांगलं आठवेनासं होतं. मग बुद्धी कुठली राहते?

पैठणच्या नाथांची कथा आपण सगळे ऐकतो. गोदावरीत स्नान करून वर आले की एक माणूस अंगावर थुंकायचा, नाथ पुन्हा स्नानाला जायचे. असं कितीदा तरी झालं, पण नाथांना राग आला नाही. शेवटी तो माणूसच पायावर पडला, आणि नाथ म्हणाले, "तुझ्यामुळे मला इतक्यांदा गोदास्नान घडलं." ही कथा सांगताना मीही टाळ्या घेतल्या आहेत. पण मला एक शब्द मागचा दिंडीवाला बोलला, तो सोसला नाही. कथा सांगता येणं वेगळं आणि अंगी येणं वेगळं.

लगाम कुणाच्या हातात?

कठोपनिषदात रथाचा दृष्टान्त आहे. शरीर हा रथ, इंद्रियं हे घोडे, मन हा लगाम आणि बुद्धी ही सारथी. आत बसलेला मालक तो आत्मा. घोडे वाईट नाहीत, घोड्यांशिवाय रथ जाणार कसा? पण लगाम सुटला तर तेच घोडे मालकाला खड्ड्यात घालतात. राग हाही घोडाच. त्याला मारून टाकायचं नाही, लगामात ठेवायचं.

आणि गंमत बघा, सगळ्या जगाचा मालक जो श्रीकृष्ण, तो कुरुक्षेत्रावर काय झाला? सारथी झाला! जयद्रथवधाच्या दिवशी भर रणात घोडे थकले, तेव्हा देवाने त्यांना सोडलं, अंगातले बाण काढले, पाणी पाजलं, खरारा केला. चालवणारा म्हणजे काय, ते यात आलं. थकलेल्याला चाबूक नाही, पाणी.

आता अर्जुनाशी देव कसे बोलले तेही बघा. अर्जुन धनुष्य टाकून बसला. देवाने आधी दोन श्लोकांत खडसावलं, हे तुला शोभत नाही म्हणाले. त्याने काम झालं का? नाही झालं. अर्जुन म्हणाला, मी लढणार नाही. तेव्हा देव आणखी ओरडले का? नाही. गीतेत लिहिलंय, देव जणू हसत बोलू लागले. एक उपाय चालला नाही, तर देवसुद्धा उपाय बदलतो! आणि आपण? मोठ्याने सांगून कळलं नाही, तर आणखी मोठ्याने सांगतो.

मग सातशे श्लोकांची गीता झाली. मध्ये मध्ये अर्जुन शंका विचारतो, देव उत्तर देतात. "आधी सांगितलं ना?" असं म्हणत नाहीत. आणि शेवटी अठराव्या अध्यायात काय म्हणतात? सगळं तुला सांगितलं, याचा नीट विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. केवढा हा मोठेपणा! विश्वरूप दाखवलेला देव म्हणतो, तुझ्या मनाप्रमाणे कर. ज्याला निवड दिली, तोच मनापासून "तुम्ही सांगाल तसं करीन" म्हणतो.

कच्चं मडकं कोण?

आता प्रश्न असा, की आपलं चुकतंय हे आपल्याला कळणार कसं? पुढे चालणाऱ्याला आपली पाठ दिसत नसते. ती मागच्याला दिसते.

तेरढोकीला गोरोबाकाकांच्या घरी संत जमले होते. मुक्ताईने विचारलं, काका, यातलं कच्चं मडकं कोणतं? काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर थापटून पाहिलं. बाकी सगळे शांत बसले, नामदेवराय रागावले. काका म्हणाले, हे मडकं कच्चं. ज्याच्याशी देव बोलतो, त्या नामदेवाला कच्चं म्हटलं! पण नामदेवरायांचा खरा मोठेपणा त्यापुढे आहे. ते औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले, गुरू केला, पक्के होऊन आले आणि पुढे पंजाबापर्यंत नाम नेलं. त्या दिवशी ते रुसूनच बसले असते तर?

आणि प्रत्यक्ष माउलींचं बघा. लोकांच्या वागण्याने मन उदास झालं, दार लावून बसले. तेव्हा ताटी उघडायला कोण आलं? धाकटी बहीण, मुक्ताई. वयाने लहान, पण तिने थोरल्या भावाला समजावलं, आणि माउलींनी दार उघडलं. ताटीचे अभंग म्हणून ते आपण आजही म्हणतो. ज्ञानियांच्या राजाने लहानग्या बहिणीचं ऐकलं. तुम्ही तुमच्या घरात, दिंडीत, मंडळात अशी एक मुक्ताई ठेवली आहे का? "तुमचं चुकलं" असं जिला भीती न वाटता सांगता येतं, अशी? नसेल तर तुमचं दार बंद आहे असं समजा.

नमस्कार कुणाला?

शेवटची गोष्ट वीणेची. वीणा गळ्यात आली की लोक येऊन पाया पडतात. लहान पडतात, म्हातारे पडतात. पहिल्या दिवशी लाज वाटते. चौथ्या दिवशी सवय होते. दहाव्या दिवशी एखादा न पडता गेला तर डोळ्यांत खुपतो! अरे, नमस्कार तुला नाही, वीणेला आहे. ज्या नामासाठी ती वाजते, त्या नामाला आहे.

तेराव्या अध्यायात भगवंत ज्ञानाची लक्षणं सांगतात, तेव्हा सगळ्यात पहिलं घेतलं ते अमानित्व, म्हणजे मान नको वाटणं. दुसरं अदंभित्व, म्हणजे दिखावा नसणं. ज्ञानेश्वरीत माउलींनी याचा विस्तार मन भरून केलाय. तो पुढारी होणाऱ्याने वर्षातून एकदा तरी वाचावा.

आणि सप्ताहात वीणा एकाच्याच गळ्यात राहते का? नाही. रात्रंदिवस पहारा बदलतो. देणारा वाकतो, घेणारा वाकतो, आणि वीणा वाजत राहते. जमिनीवर टेकत नाही. वीणा द्यायची वेळ आली की हसत देता आली पाहिजे. एका दिंडीच्या दोन दिंड्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. भांडण भजनावरून कधीच नव्हतं. भांडण होतं वीणा कुणाच्या गळ्यात यावरून.

त्या मुलाला मी निघताना पाच गोष्टी सांगितल्या. त्या तुम्हालाही सांगतो. सगळ्यांच्या आधी उठ, म्हणजे कुणाला उठवायला ओरडावं लागणार नाही. पंगतीत शेवटी बस, म्हणजे कुणाला काय कमी पडलं ते कळेल. चूक दिसली तर आधी विचार, मग बोल, आणि बोलायचं ते एकट्याला बाजूला घेऊन. कौतुक मात्र चारचौघांत कर. राग आला तर त्या क्षणी निर्णय घेऊ नकोस, हरिपाठ होऊ दे, मग बघ. आणि रात्री पाठ टेकण्याआधी आज कुणाचं मन दुखवलं ते आठव, आणि दुखवलं असेल तर सकाळी चाल सुरू होण्याआधी त्याच्या पाया पड. वारीत लहान-थोर सगळेच एकमेकांच्या पाया पडतात. ही सोय संतांनी आपल्यासाठीच करून ठेवली आहे.

मी त्या रात्री मामाच्या मागे गेलो असतो, तर एवढ्या सोयीवर भागलं असतं. मी गेलो नाही. तुम्ही जा.

दुसऱ्या दिवशी नीरा नदीवर माउलींच्या पादुकांचं स्नान झालं. गर्दीत तो मुलगा दिसला. आदल्या दिवशी ज्याच्याशी भांडण झालं होतं, त्या माणसाची पिशवी त्याने आपल्या खांद्यावर घेतली होती, आणि तो माणूस रांगेतून टाळ वाजवत चालला होता. मी हाक मारली नाही. मनातल्या मनात पांडुरंगाला हात जोडले.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!